दोषांची वही

आमच्या घरांत रात्रीं दोन घड्याळें चालतात. एक दिवाणखान्यांतल्या भिंतीवरचें. तें वडिलांच्या वेळचें आहे आणि आठवड्याला पांच-सहा मिनिटें मागें पडतें. दुसरें माझ्या पत्नीच्या छातींत आहे. लहानपणीं तिला घसा धरून सांधेदुखीचा ताप आला होता. त्याची खूण हृदयावर राहून गेली, आणि चाळिशी उलटल्यावर जिना चढतांना दम लागूं लागला तेव्हां ती उघडकीस आली. नऊ वर्षांपूर्वीं तिच्या हृदयाची एक झडप काढून तेथें कृत्रिम झडप बसविली. ही झडप म्हणजे विशिष्ट प्रकारच्या कर्बाच्या दोन पाकळ्या असलेलें एक कडें. रुपयाच्या नाण्यापेक्षां फारसें मोठें नाहीं. पाकळ्या मिटतांना 'टिक्' असा बारीक आवाज होतो, आणि पंखा बंद असला म्हणजे तो मला शेजारच्या खाटेवर ऐकूं येतो. मिनिटाला बहात्तर ठोके धरले तर दिवसाला लाखावर, आणि वर्षाला पावणेचार कोटींच्या वर. भिंतीवरचें घड्याळ चुकलें तर मी खुर्चीवर चढून कांटा पुढें सारतों. दुसऱ्या घड्याळाच्या बाबतींत तशी सोय नाहीं.

हें घरगुती वर्तमान आरंभींच सांगण्याचें कारण एवढेंच कीं, पुढील मजकूर वाचून वाचकांस सहजच वाटेल, इंग्रजी वाङ्मय शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें, त्या गृहस्थानें कारखान्यांच्या गोष्टी सांगण्याच्या भरीस कां पडावें? प्रश्न रास्त आहे. यंत्रांशीं माझी ओळख फाउंटनपेनाची निब सरळ करण्यापलीकडे कधीं गेली नाहीं. तथापि जीं उपकरणें माणसाच्या शरीरांत बसतात किंवा शरीराला लागतात, त्यांच्या कारखान्यांत दर्जा कसा राखला जातो व सुधारणा कशी होते, हा प्रश्न ज्याच्या उशाशीं रात्रभर टिकटिकत असतो, त्याला तो केवळ इंजिनिअरांचा म्हणून सोडून देतां येत नाहीं.

गेल्या पावसाळ्यांत माझा एक जुना विद्यार्थी घरीं आला. आतां तो पंचेचाळिशीचा असून पुण्याबाहेरच्या एका औद्योगिक वसाहतींत त्याचा लहानसा कारखाना आहे. सत्तर-ऐंशी माणसें कामाला असून तेथें सलाईनच्या नळ्या तयार होतात. हातांत एक जाडजूड बाड होतें. "सर, एवढें इंग्रजी तपासून द्या," तो म्हणाला. आपल्या देशांत वैद्यकीय उपकरणांसाठीं २०१७ चे नियम १ जानेवारी २०१८ पासून अंमलांत आले. त्यांत उपकरणांचे धोक्याच्या मानानें चार वर्ग पाडले असून, कारखान्यानें दर्जाची व्यवस्था कशी ठेवावी हें एका परिशिष्टांत दिलें आहे. त्या व्यवस्थेचें लेखी रूप म्हणजे हें बाड. मीं तें घेतलें. पण चहा झाल्यावरहि तो उठेना, तेव्हां मी ओळखलें कीं इंग्रजी हें निमित्त आहे.

हळूहळू गोष्ट बाहेर आली. कांहीं महिन्यांत दोन-तीन रुग्णालयांकडून तक्रारी आल्या होत्या. नळी ज्या पाकिटांत निर्जंतुक करून बंद केलेली असते, त्या पाकिटाची कड कोठें कोठें सुटलेली सांपडली होती. कड सुटली म्हणजे आंत जंतु शिरण्यास वाट झाली, आणि नळी तर रुग्णाच्या शिरेंतच जावयाची! अद्याप कोणाला इजा झाल्याचें कानीं आलें नव्हतें. पण त्याची झोंप उडाली होती. सल्लागार तीन होते व सल्लेहि तीन. भागीदार असलेल्या सासऱ्यांचें म्हणणें, तपासनीस दुप्पट करा. मुंबईच्या एका सल्लागाराचें म्हणणें, 'सिक्स सिग्मा' पद्धति आणा. अमेरिकेंतल्या मोटोरोला कंपनींत १९८६ च्या सुमारास उदयास आलेली ही संख्याशास्त्राच्या पायावरची रीत. दहा लाख संधींत दोष तीन-चारांवर जाऊं नयेत, हें तिचें ध्येय. तिसरा त्याचा मावसभाऊ; मोटारींच्या धंद्यांत मुरलेला. त्याचें म्हणणें, जपान्यांचें 'कायझेन' घ्या, प्रत्येक कामगाराला रोज एक लहानशी सुधारणा करूं द्या.

"सर, तिघेहि पुस्तकांतून दाखले देतात. मी निवडूं कसा?"

"अरे, मी यांत काय सांगणार?"

"सांगूं नका. नुसतें ऐका. कारखान्यांत ज्याच्याशीं बोलावें त्याचा यांत कांहीं ना कांहीं हितसंबंध आहे."

त्याच्या बाडाबरोबर त्यानें ज्यावर तें आधारलें होतें तें आंतरराष्ट्रीय मानकहि ठेवून दिलें होतें, आय.एस.ओ. १३४८५, २०१६ ची आवृत्ति. रात्रीं तें वाचतां वाचतां माझ्यांतला भाषेचा मास्तर जागा झाला. या संस्थेचें ९००१ क्रमांकाचें मानक कोणत्याहि धंद्याला लागूं पडतें, आणि त्यांत आपल्या व्यवस्थेची निरंतर सुधारणा करीत राहावें असा स्पष्ट आग्रह आहे. १३४८५ त्याच सांच्यावर बेतलेलें. पण वैद्यकीय उपकरणांसाठीं लिहितांना त्या आग्रहाच्या जागीं, व्यवस्थेची परिणामकारकता कायम राखावी, अशी भाषा आली आहे. मला प्रथम नवल वाटलें. साबण करणाऱ्यानें सतत सुधारावें आणि शिरेंत जाणारी नळी करणाऱ्यानें नुसतें राखावें, हा कोठला न्याय?

उत्तर मला ठाऊक असावयास हवें होतें. पत्नीच्या शस्त्रक्रियेनंतर झडपांविषयीं मिळेल तें मी तिच्या नकळत वाचीत असें, आणि त्यांत एक हकीकत अशी होती कीं ती वाचून मी दोन रात्री जागा राहिलों होतों.

ब्यॉर्क नांवाचे एक स्वीडिश शल्यविशारद व शायली नांवाचे एक अमेरिकन इंजिनिअर यांची १९६९ च्या सुमारास निघालेली झडप चांगली नांवारूपास आली होती. धातूच्या कड्यांत एक चकती, आणि ती निसटूं नये म्हणून दोन बाजूंस तारेचे दोन आधार. तिचा एक दोष असा कीं तेथें रक्ताची गुठळी होण्याचा संभव राही. म्हणून सुधारणा करण्यांत आली: चकतीला बांक दिला व ती अधिक उघडेल अशी योजना केली, म्हणजे रक्त मोकळें वाहील. हेतु स्तुत्य होता. १९७९ सालीं अमेरिकन सरकारची परवानगी मिळून ही सुधारलेली झडप तेथें विक्रीस आली. परंतु कड्याला वेल्डिंगनें जोडलेला एक आधार कांहीं रोग्यांच्या छातींत मोडूं लागला. आधार मोडला कीं चकती सुटे, आणि मग तास मोजावे लागत. १९८६ त ती झडप बाजारांतून काढून घेतली गेली. तोंपर्यंत जगभर सुमारें ८६,००० लोकांच्या हृदयांत ती बसली होती. मोडल्याच्या नोंदी सहाशेंहून अधिक झाल्या, व त्यांतल्या बहुसंख्य रोग्यांचा अंत झाला. १९९० सालीं अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाच्या एका उपसमितीनें या प्रकरणाची चौकशी केली.

यांत मला सर्वांत भयंकर वाटली ती उरलेल्यांची स्थिति. छातींतली झडप टिकटिकते आहे. ती बहुधा आयुष्यभर टिकेल. पण कदाचित् उद्यां मोडेल. काढून दुसरी बसवावी तर पुन्हां छाती उघडण्याचा धोका. कित्येकांना डॉक्टरांनीं हिशेब करून सांगितलें कीं आहे तीच राहूं द्या. पुढें त्याच घराण्यांतली एक झडप निघाली, तिचा आधार वेल्डिंगनें न जोडतां धातूच्या एकाच तुकड्यांतून कोरून काढलेला असे. आणि तो मोडण्याचा प्रश्न मिटला. म्हणजे ज्ञान झालें खरें, पण त्याची फी कोणीं भरली?

आतां त्या मानकांतला शब्दभेद मला उमगला. साबणांतली फसलेली सुधारणा पुढल्या महिन्यांत मागें घेतां येते. शरीरांत गेलेली सुधारणा मागें घेतां येत नाहीं. म्हणून या धंद्यांत 'अधिक चांगलें' या शब्दाला दारांतच अडवून विचारावें लागतें: बाबा रे, चांगलें म्हणजे कशाच्या मानानें, आणि तुझ्यामुळें दुसरें काय बदललें?

याचा अर्थ सुधारूंच नये असा नव्हे. आपल्याच देशांतला उलट दाखला आहे. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा तिरुनाल संस्थेंत कै. डॉ. वलियाथन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं परदेशी झडप न परवडणाऱ्या रोग्यांसाठीं स्वदेशी झडप घडविण्याचें मनावर घेतलें. पहिल्या तीन रचना टिकल्या नाहींत. कृत्रिम नीलमण्याची चकती करून पाहिली, तीहि सोडावी लागली. चौथी रचना, प्लास्टिकच्या एका विशेष टणक जातीच्या चकतीची, यंत्रावर कोट्यवधि वेळां उघडझांप करून व जनावरांत बसवून पारखली, आणि मग १९९० च्या डिसेंबरांत प्रथम माणसाच्या हृदयांत बसली. पुढें लाखावर रोग्यांना ती लाभली. येथेंहि अपयश आलेंच. एकदां नव्हे, तीनदां. पण तें प्रयोगशाळेंत आलें, व तेथेंच लिहिलें गेलें. दोन्ही कथांत सुधारणा करणारे बुद्धिमान् होते व हेतु सारखाच निर्मळ होता. भेद एवढाच कीं, एका ठिकाणीं चूक कसोटीच्या यंत्रावर सांपडली व दुसऱ्या ठिकाणीं माणसांत.

पुढल्या आठवड्यांत मी कारखाना पाहावयास गेलों. पायांत कापडी मोजे, डोक्याला टोपी, तोंडाला पट्टी, अशा थाटांत मला आंत नेण्यांत आलें. कांचेपलीकडे बायका ओळीनें बसून नळ्यांना जोड लावीत होत्या. शेवटल्या खोलींत पाकिटें बंद करण्याचें यंत्र होतें; तापलेल्या दोन पट्ट्या पाकिटाची कड दाबून चिकटवितात, एवढाच त्याचा व्यापार. नंतर सबंध खोकीं एथिलीन ऑक्साइड वायूच्या कोठींत जाऊन निर्जंतुक होतात.

सासरे बरोबर होते. त्यांना मीं भाबडेपणानें विचारलें, "प्रत्येक नळी निर्जंतुक झाली कीं नाहीं हें तुम्ही शेवटीं तपासतां ना?" ते हंसले. तपासावयाचें तर पाकीट फोडावें लागतें, आणि फोडलें कीं ती नळी वाया गेली. कांहीं वानगीदाखल फोडून पाहावीं म्हणावें, तर हिशेब ऐका. शंभरांत एक नळी सदोष आहे असें धरूं. वीस नळ्या तपासल्या तरी त्यांत एकहि सदोष न निघण्याचा संभव शेंकडा ८२. आणि निर्जंतुकतेचें मान तर असें आहे कीं दहा लाखांत एकापेक्षां अधिक नळींत जिवंत जंतु राहण्याचा संभव नसावा! हें शेवटीं उभें राहून पाहणाऱ्या कोणत्याहि डोळ्याला दिसणें शक्य नाहीं. तेथें वायूचें प्रमाण, उष्णता, दमटपणा व वेळ हींच आधीं सिद्ध करून ठेवावीं लागतात व रोज पाळावीं लागतात. वेल्डिंगचा सांधाहि त्याच जातीचा. वरून गुळगुळीत, आंत काय आहे तें देव जाणे. सारांश, ज्या वस्तूचा दोष शेवटीं दिसतच नाहीं, तेथें तपासनीस दुप्पट करणें म्हणजे आंधळ्यांची संख्या वाढविणें. सासऱ्यांचा सल्ला असा त्यांच्याच हंसण्यानें निकालांत निघाला. अर्थात् हें मीं त्यांना बोलून दाखविलें नाहीं.

परीक्षकाची संवय मात्र माझ्या डोळ्यांची जात नाहीं. यंत्राशेजारीं एक नोंदवही टांगलेली होती. दर दोन तासांनीं पट्ट्यांची उष्णता तींत लिहावयाची असे. मी पानें चाळूं लागलों. सबंध महिनाभर एकच आंकडा: १३२. एकाच शाईंत, एकाच हाताचा, एकाच झोंकांत. पाळ्या दोन, माणसें चार, आणि अक्षर एक! तीस वर्षें उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला असलीं पानें चांगलीं ओळखूं येतात. मीं मान वर केली, तों यंत्रावरची बाई माझ्याकडेच पाहत होती. वयानें पन्नाशीच्या घरांतली. तिला सगळे मावशी म्हणत. सासरे दुसऱ्या खोलींत गेले होते.

"बाई, हा आंकडा खरोखर कधींच बदलत नाहीं कां?" मीं विचारलें.

ती क्षणभर गप्प राहिली. मग हलक्या आवाजांत म्हणाली, "बदलतो तर, साहेब. पाकीट नीट चिकटलें नाहीं, कीं मी बटण वाढवते. कागद करपला, कीं कमी करते. रातपाळीची पण तसंच करते. पण वहींत खरं लिहिलं, तर विचारतात बटणाला हात कां लावला, आणि महिन्याचा बोनस जातो. माझी मुलगी नर्सिंगला आहे, साहेब."

शेवटलें वाक्य तिनें कशासाठीं जोडलें, बोनसची गरज सांगण्यासाठीं कीं नळ्यांचें मोल आपण जाणतों हें सांगण्यासाठीं, तें मला त्या वेळीं कळलें नाहीं. आतां वाटतें, दोहोंसाठीं.

त्या रात्रीं मी पुन्हां वाचीत बसलों. टेलिफोनचें साहित्य करणाऱ्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनींतले पदार्थविज्ञानाचे पंडित वॉल्टर शेवार्ट यांनीं १९२४ च्या मे महिन्यांत आपल्या वरिष्ठांस एक पानाचें टिपण दिलें होतें. त्यांत एक साधा आलेख होता: मधली रेघ, वर एक मर्यादा, खालीं एक मर्यादा. कोणतेंहि काम दोनदां तंतोतंत सारखें होत नाहीं. कांहीं फरक कामाच्या अंगचाच असतो व कांहीं विशेष कारणानें पडतो. मर्यादेच्या आंतला फरक दिसतांच धांवूं नका, बाहेरचा दिसला कीं कारण शोधा. एवढेंच तत्त्व, पण त्यावर पुढची सारी इमारत उभी राहिली. प्रा. महालनोबीस यांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या निमंत्रणावरून हे शेवार्ट १९४७-४८ त आपल्या देशांतहि येऊन गेले.

त्यांच्याच परंपरेंतले डेमिंग १९५० सालीं जपानांत जाऊन व्याख्यानें देते झाले. आपल्या वर्गांत ते एक खेळ करीत. एका पेटींत पांढरे व तांबडे मणी असत, पांचांत एक तांबडा. कामगार म्हणून उभ्या केलेल्यांनीं पन्नास खळग्यांची फळी बुडवून मणी काढावयाचे. तांबडा निघाला तर तो दोष. डेमिंग मालकाचा आव आणून कमी तांबडे काढणाऱ्याची पाठ थोपटीत व जास्त काढणाऱ्याला दरडावीत. अर्थात् तांबडे कमी होत नसत, कारण ते पेटींतच होते. दुसरा धडा असा कीं, अंगचा फरक दिसला म्हणून दर वेळीं बटण फिरविणाऱ्याच्या हातून फरक कमी न होतां वाढतोच. मावशी व रातपाळीची बाई दोघी प्रामाणिकपणें हेंच करीत होत्या. एकीनें वाढवावें, दुसरीनें उतरवावें, आणि कड कधीं कच्ची तर कधीं करपलेली निघावी. त्यांची ती रोजची लहानशी सुधारणाच होती. मावसभावाचें कायझेनच म्हणा ना! उणीव एकच: ती न लिहिलेली होती. आणि मुंबईच्या सल्लागाराची संख्याशास्त्राची रीत आणली असती तर तिच्या पोटांत काय गेलें असतें? महिनाभराचे १३२!

आतां माझ्यापुढें पेंच होता. विद्यार्थ्याला सांगावें तर मावशीची नोकरी जाते. न सांगावें तर नळ्या तशाच रुग्णालयांत जातात. येथें मला माझी एक जुनी गोष्ट आठवली, किंबहुना ती कधीं विसरली गेलीच नव्हती.

अठ्ठावीस वर्षांपूर्वीं मी नवा परीक्षक होतों. गुणांचे तक्ते पाठवून दिल्यावर त्या रात्रीं कच्च्या टिपणाशीं ताडून पाहतांना ध्यानांत आलें कीं एका उत्तरपत्रिकेच्या बेरजेंत माझ्या हातून दहा गुण गळले आहेत. दुरुस्तीची वाट होती. पण तींत लेखी खुलासा द्यावा लागे, नांव यादींत चढे, व पुढल्या वर्षीं काम मिळेलच अशी खात्री नसे. सकाळीं जाऊन सांगतों, असें मीं स्वतःशीं ठरविलें. सकाळीं म्हटलें, उद्यां. तो 'उद्यां' आलाच नाहीं. त्या मुलाला एकूण गुण चाळिसाच्या आंत होते. दहा गुणांनीं त्याचें काय झालें असतें व त्यांच्यावांचून काय झालें, तें मला कधींच कळलें नाहीं. मावशीच्या त्या १३२ वर बोट ठेवण्याचा अधिकार मला कितपत होता?

विद्यार्थ्याला मीं रविवारीं बोलाविलें आणि प्रथम ही माझीच गोष्ट सांगितली. पत्नीनेंहि ती त्या दिवशीं पहिल्यांदांच ऐकिली. मग म्हटलें, "तुझ्या वहींतला एक आंकडा खोटा आहे. कोणीं लिहिला तें मी सांगणार नाहीं. पण तो खोटा लिहिणें तूं भाग पाडलें आहेस." तो बराच वेळ खालीं पाहत बसला. मग त्यानें एकच प्रश्न विचारला, "सर, गेलेल्या मालाचें काय?"

त्या प्रश्नानें मला धन्य वाटलें, हें कबूल करतों. निवड तीन पद्धतींत होती असें आम्ही समजत होतों. खरी निवड ही होती. त्यानें चार महिन्यांचा माल रुग्णालयांकडून परत मागविला. सासरे महिनाभर त्याच्याशीं बोलले नाहींत. वर्षाचा नफा बुडाला तो वेगळाच.

पुढें त्यानें जें केलें तें तीन ओळींत सांगतां येतें. यंत्राची योग्य उष्णता प्रयोगानें ठरवून बटणाला कुलूप घातलें. दोष लिहिणाऱ्याचा बोनस कापणें बंद करून न लिहिलेला दोष हाच गुन्हा ठरविला. कामगारांच्या सूचना तो घेऊं लागला, पण दोन वाटांनीं: बसण्याची जागा, उजेड, खोक्यांची मांडणी असल्या गोष्टी लगेच, आणि नळीला, गोंदाला, पाकिटाला किंवा यंत्राला स्पर्श करणारी कोणतीहि गोष्ट कसोटीच्या दारांतून. टोयोटाच्या कारखान्यांत दोष दिसतांच कामगारानें दोरी ओढून कामाची रांग थांबवावी, अशी प्रथा आहे. मावसभावाला कायझेन ठाऊक होतें. पण त्या दोरीमागचें अभय त्यानें सामानांत बांधून आणलें नव्हतें.

पहिल्या महिन्यांत दोषांच्या नोंदी तिनांवरून एकेचाळिसांवर गेल्या. सासरे विजयी मुद्रेनें माझ्याकडे आले: "प्रोफेसर, तुमच्या सुधारणेचें हें फळ!" मीं त्यांना म्हटलें, दिवा लावल्यावर खोलींत कोळिष्टकें दिसतात, तीं दिव्यानें विणलेलीं नसतात. त्यांना तें पटलेलें दिसलें नाहीं. परंतु त्या नोंदींचे आलेख आतां खरे आहेत, आणि मुंबईच्या सल्लागाराला कामाला लावण्याजोगें कांहीं तरी त्यांत आहे. म्हणजे तिन्ही पद्धति आपापल्या जागीं उपयोगी पडतात: डोळ्यांना दिसतें तेथें तपासणी, काम पुन्हां पुन्हां होतें तेथें संख्याशास्त्र, रोग्याच्या शरीराला धक्का न लागतां बदलतां येतें तेथें रोजची सुधारणा. पण तिघींचा पाया ती मळकी वहीच आहे. जेथें चूक लिहिणें महाग पडतें, तेथें चुका कमी होत नाहींत, नुसत्या दिसेनाशा होतात. आणि दिसेनाशी झालेली चूक शेवटीं अशा माणसाच्या अंगांत सांपडते, कीं ज्याची त्या कारखान्याशीं तोंडओळखहि नसते.

त्या बांकदार चकतीच्या झडपेची हकीकत मीं शेवटीं पत्नीला सांगितली. नऊ वर्षें लपवून ठेविली होती. तिनें शांतपणें ऐकली व म्हणाली, "अहो, मला ती केव्हांच ठाऊक आहे. तुम्ही पुस्तकांत खूण ठेवून झोंपत होतां." मग थोडें थांबून म्हणाली, "माझी झडप जेथें झाली, तेथेंहि एखादी मावशी असेलच. तिला खरें लिहूं देत असतील, एवढें धरून मी चालतें."

या वर्षापासून आमच्या महाविद्यालयाच्या परीक्षाविभागाचें काम माझ्याकडे आलें आहे. तेथें मीं एक वही ठेविली आहे. आपल्या हातून झालेली चूक परीक्षकानें तींत लिहावी, ती दुरुस्त केली जाईल, खुलासा मागितला जाणार नाहीं, असें पहिल्या पानावर लिहिलें आहे. पहिली नोंद अठ्ठावीस वर्षांपूर्वींच्या दहा गुणांची आहे. ती आतां दुरुस्त होण्यासारखी नाहीं. दुसरी नोंद अद्याप कोणीं केलेली नाहीं. वही मात्र टेबलावर उघडी आहे.